एकच लेखक, चार नावं: कोहातली ऑथॉरिटी पुन्हा पुन्हा का बिघडते आणि काय तपासायचं

तालुक्याच्या कॉलेजचं ग्रंथालय असो की 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, पुस्तकं कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरात चढवून थोडे दिवस झाले की लेखकांच्या नावांचा गोंधळ सुरू होतो. प्रत्येक लेखकाच्या ठरलेल्या नावाची कोहात एक वेगळी नोंद असते, तिला ऑथॉरिटी म्हणतात. कुणीतरी बसून नोंदी दुरुस्त करतं, काही दिवस बरं चालतं, आणि नवीन अनुदानाची पुस्तकं चढली की पुन्हा तेच. दुरुस्ती होते ती नोंदींची. चुकीची नोंद जिथून आत येते ती वाट उघडीच राहते. वावरातलं तण काढलं पण धुरा तसाच ठेवला, असा हा प्रकार. म्हणून खालचा क्रम आधी फुकटच्या, कुणालाही जमणाऱ्या तपासण्यांचा आहे. सर्व्हरला हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी. उदाहरणं कोहाची आहेत. ई-ग्रंथालय हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी अक्षरांच्या, नावाच्या मांडणीच्या आणि आयडीच्या तपासण्या घ्याव्यात, बाकीचं सोडून द्यावं.

लक्षणं

- शोधल्यावर डावीकडच्या लेखकांच्या यादीत एकच नाव दोन-तीनदा दिसतं. डोळ्यांना फरक कळत नाही.
- आडनाव टाकून शोधलं तर निम्मीच पुस्तकं येतात.
- लेखकाच्या नावावर क्लिक केलं की भलत्याच माणसाची पुस्तकं निघतात.
- ऑथॉरिटीत नाव सुधारलं, पण पुस्तकांच्या नोंदीत जुनंच राहिलं.
- नोंदीला जोडलेला व्हीआयएएफ किंवा विकिडेटाचा (लेखकांची ओळख पटवणाऱ्या ऑनलाइन साठ्यांचा) आयडी दुसऱ्याच माणसाकडे नेतो, किंवा काहीच उघडत नाही.

पहिली दोन लक्षणं असतील तर दोष बहुतेक टायपिंगमध्ये आहे. तिसरं आणि चौथं जोडणीचं. पाचवं आयडी कुठून आणि कसा घेतला त्याचं. तरी तपासणी पहिल्यापासूनच करा. टायपिंगचा दोष ठेवून जोडणी दुरुस्त केली तर ती टिकत नाही.

१. अक्षरं मोजा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि निम्मी प्रकरणं इथेच संपतात.

वऱ्हाडपांडे, गोऱ्हे, कऱ्हाडे अशी नावं आपल्याकडे डझनावारी. यातला 'ऱ्ह' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं (यू+०९३१), त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह (यू+२००डी), मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. कोहाच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं, म्हणून दोन ऑथॉरिटी.

ओळखायचं असं: दोन्ही नावं कॉपी करून एक्सेल किंवा लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये शेजारी चिकटवा आणि लेन फॉर्म्युला लावा. 'वऱ्हाडपांडे' स्वतंत्र ऱ ने लिहिलं असेल तर ११ येतात, जोडचिन्हाने लिहिलं असेल तर १२. नावामागे रिकामी जागा राहिली असेल तरी आकडा एकाने वाढतो, म्हणून आधी ट्रिम लावा. नक्की कुठलं अक्षर आहे ते बघायचं असेल तर लिब्रेऑफिस रायटरमध्ये अक्षरामागे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, त्याचा कोड दिसतो.

स्वतंत्र ऱ चं रूप ठेवा. युनिकोडमध्ये मराठीसाठी तेच पसंतीचं आहे आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबलं की तेच उमटतं.

इथे एक धोका आहे. न दिसणारी चिन्हं त्रास देतात म्हणून बरेच जण सगळ्या शीटमधून ती एका झटक्यात काढून टाकतात. तसं केलं की 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' होतं, म्हणजे ह वर रफार चढतो, आणि आता तिसरं रूप तयार. चिन्ह नुसतं काढायचं नाही, बदलायचं: सब्स्टिट्यूट फॉर्म्युल्यात 'र्' ला युनिचार ८२०५ जोडून ती जोडी शोधा आणि तिच्या जागी 'ऱ्' टाका.

'ॲड.' या उपाधीचंही असंच. कुणी ॲ हे एकच अक्षर वापरतं, कुणी अ वर चंद्र चढवतं, कुणी मध्ये जोडचिन्ह घालतं. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या याद्यांची गोष्ट पूर्ण वेगळी. फॉन्ट बदलला की अक्षरं इंग्रजी कचऱ्यासारखी दिसत असतील तर ती युनिकोड नाहीच. त्या याद्या आधी रूपांतरित करा, नंतरच कोहात न्या.

२. नावाची मांडणी

नोंदीतल्या मुख्य लेखकाच्या रकान्याला १०० टॅग म्हणतात, त्याच्या आतल्या कप्प्यांना सबफिल्ड. १०० टॅगच्या सबफिल्ड ए मध्ये फक्त नाव. डॉ., प्रा., ॲड., ह.भ.प., कै. यांतलं काहीही तिथे नको. दाखल नोंदवहीत मुखपृष्ठावरून जसंच्या तसं उतरवलेलं असतं आणि तेच कॅटलॉगमध्ये येतं, म्हणून एकाच माणसाची 'प्रा.'ची एक नोंद आणि 'डॉ.'ची दुसरी. कै. तर विशेष घातक, कारण ते माणूस गेल्यावर लागतं, आधीच्या पुस्तकांवर नसतं.

आद्याक्षरांमध्ये पूर्णविरामाच्या जागी शून्य किंवा विसर्ग टाकलेला असतो, 'वि. वा.' आणि 'वि.वा.' वेगळे पडतात. एक पद्धत ठरवा, कागदावर लिहा आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा. कुठली ठरवता याला महत्त्व कमी, सगळे तीच पाळतात की नाही याला जास्त.

पहिला इंडिकेटर, म्हणजे टॅगला लागून असलेला खुणेचा आकडाही बघा. आडनावाने सुरू होणाऱ्या नावाला १, नुसत्या नावाने ओळखल्या जाणाऱ्याला ०. तुकडोजी महाराज, ग्रेस, अनिल या सगळ्यांना ० हवा. टायपिंगचं काम बाहेर दिलेलं असेल तर सरसकट १ मारलेला सापडतो, आणि मग तुकडोजी महाराजांचं 'महाराज, तुकडोजी' होऊन बसतं.

३. माणसं दोन की एक

नावं तपासून झाली की ऑथॉरिटी विभागात शोधा आणि ठरवा: ही खरोखर एका माणसाची दोन नावं आहेत, की दोन माणसांचं एक नाव?

विदर्भातल्या ग्रंथालयात मराठीबरोबर हिंदी पुस्तकंही भरपूर असतात, म्हणून 'जोशी, शरद' हमखास अडकतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी १९३५ ते २०१५. हिंदीतले व्यंगकार शरद जोशी १९३१ ते १९९१. सबफिल्ड डी मध्ये ही सालं घातली नाहीत तर शेतीच्या अर्थकारणावरची पुस्तकं आणि हिंदी व्यंग एकाच माणसाच्या खाती जमा होतात. साल सापडत नसेल तर सबफिल्ड सी मध्ये व्यवसाय किंवा ओळख घाला. माहिती कुठून घेतली ते ६७० टॅगमध्ये एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी दुसरा कुणी ही नोंद उघडेल तेव्हा त्याला हाच टॅग सांगतो की हे दोघे मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. ६७० रिकामा असला की असल्या नोंदी कुणीतरी 'डुप्लिकेट' समजून विलीन करून टाकतं.

टोपणनावांत जरा थांबून विचार करा. ग्रेस यांचं लेखन ग्रेस याच नावाने ओळखलं जातं, म्हणून मुख्य नाव ते आणि 'गोडघाटे, माणिक सीताराम' हे ४०० मध्ये, म्हणजे पर्यायी नावाच्या टॅगमध्ये. मुर्तिजापूरचे कवी अनिल यांचंही तसंच: 'देशपांडे, आत्माराम रावजी' ४०० मध्ये. पण शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज म्हणून लिहिली आणि नाटकं-कादंबऱ्या स्वतःच्या नावाने. तिथे दोन स्वतंत्र ऑथॉरिटी ठेवून दोन्हींत ५०० टॅगने एकमेकांकडे बोट दाखवायचं. त्यांना ४०० ने एकात कोंबलं की कवितासंग्रहावर 'शिरवाडकर' छापून येतं, आणि 'कुसुमाग्रज' शोधणारा वाचक गोंधळतो.

याचा परिणाम आयडीवर होतो. विकिडेटात माणूस एक म्हणजे पान एक, त्यामुळे तुमच्या दोन्ही ऑथॉरिटींना क्यूने सुरू होणारा एकच क्रमांक लागेल. त्यात चूक नाही. क्रमांक सारखा दिसला म्हणून त्या नोंदी विलीन करू नका.

४. जोडणी: सबफिल्ड ९ आणि चार सेटिंग

पुस्तकाच्या नोंदीत १०० किंवा ७०० (सहलेखक, संपादक वगैरे) टॅगच्या सबफिल्ड ९ मध्ये ऑथॉरिटीचा क्रमांक असतो. ऑथॉरिटीतली दुरुस्ती पुस्तकापर्यंत नावावरून नाही, या क्रमांकावरून पोहोचते. ९ रिकामा असेल तर ऑथॉरिटीत कितीही सुधारा, पुस्तकावर काही उमटणार नाही. ९ मध्ये जुन्या नोंदीचा क्रमांक असेल आणि वर नाव मात्र हाताने नवीन टाइप केलेलं असेल, तर त्या ऑथॉरिटीत पुढची दुरुस्ती होताच तुमचं टाइप केलेलं नाव पुसलं जातं. 'काल सुधारलं, आज पुन्हा तेच' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून नाव टाइप करू नका, टॅगशेजारच्या चिन्हावरून ऑथॉरिटी निवडा.

मग सिस्टिम प्रेफरन्सेस उघडा. या चार ठिकाणांहून दोष परत येतो.

'ऑटो क्रिएट ऑथॉरिटीज' बंद ठेवा. चालू असलं की प्रत्येक नव्या स्पेलिंगला कोहा मुकाट्याने नवी ऑथॉरिटी तयार करतो. बंद केल्यावर सुरुवातीला कुरकुर होईल, कारण प्रत्येक नवा लेखक हाताने तयार करावा लागेल. करू द्या.

'लिंकर मॉड्यूल' डिफॉल्टवर ठेवा. नाव जुळवून सबफिल्ड ९ भरायचं काम हे करतं. डिफॉल्टमध्ये नेमकी एकच ऑथॉरिटी जुळली तरच जोडणी होते. फर्स्ट मॅचवर असेल तर दोन शरद जोशींपैकी जो आधी सापडेल तो चिकटतो, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

'ऑथॉरिटी मर्ज लिमिट' बघा. मुळात ते ५० असतं. एखाद्या लेखकाच्या ५० पेक्षा जास्त नोंदी जोडलेल्या असतील तर तुम्ही ऑथॉरिटी सुधारली तरी कोहा त्या लगेच बदलत नाही. ते काम रात्रीच्या क्रॉन जॉबसाठी, म्हणजे सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामासाठी ठेवतो. क्रॉन लावलेलाच नसेल, किंवा संध्याकाळी मेन स्विच पाडून सर्व्हर बंद करायची सवय असेल, तर बदल कधीच होत नाही. म्हणून नेमके मोठे, भरपूर पुस्तकांचे लेखक दुरुस्त होत नाहीत आणि किरकोळ होतात. लक्षण असं दिसलं की थेट इथे या.

'ऑथॉरिटी मर्ज मोड' लूजवर राहू द्या. स्ट्रिक्टमध्ये ऑथॉरिटीत नसलेले सबफिल्ड पुस्तकाच्या नोंदीतून उडवले जातात. संपादक, अनुवादक ही भूमिका सांगणारा सबफिल्ड ई सुद्धा जाऊ शकतो.

दोन ऑथॉरिटी विलीन करताना कुठली टिकवायची हे कोहा विचारतो. जिच्यात ६७० आणि सालं आहेत ती टिकवा, जिला जास्त पुस्तकं आहेत ती नव्हे. पुस्तकं आपोआप सरकतात, माहिती सरकेलच असं नाही.

५. बाहेरचा आयडी

आयडी ऑथॉरिटीच्या ०२४ टॅगमध्ये ठेवा, पहिला इंडिकेटर ७, सबफिल्ड ए मध्ये क्रमांक, सबफिल्ड २ मध्ये स्रोताचा कोड. पुस्तकाच्या प्रत्येक नोंदीत आयडी चिकटवत बसू नका. एका जागी ठेवला तर एका जागी सुधारता येतो.

आयडी घेण्याआधी नावाव्यतिरिक्त दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: जन्मसाल, मृत्युसाल, गाव, व्यवसाय, एखादं पुस्तक, यांतल्या कुठल्याही दोन. नाव जुळणं मोजायचंच नाही. दोन गोष्टी जुळत नसतील तर ०२४ रिकामा ठेवा. रिकामा टॅग कुणाचं नुकसान करत नाही. चुकीचा आयडी मात्र इतर यंत्रणा उचलतात आणि तो पसरत जातो.

शोधताना टोपणनावाने सापडत नसेल तर मूळ नावाने शोधा. 'अनिल' टाकलं तर असंख्य अनिल येतील. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत नाव रोमन लिपीत असतं आणि तिथे शेवटच्या अक्षरातला अ सुद्धा लिहितात, म्हणजे 'शरद'च्या शेवटी आणखी एक ए. आपण इंग्रजीत सही करताना जसं स्पेलिंग करतो तसं टाकून बघितलं आणि सापडलं नाही, म्हणजे तिथे नोंद नाही असं समजू नका.

व्हीआयएएफ की विकिडेटा? व्हीआयएएफ अनेक राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नोंदी यंत्राने जुळवून गट तयार करतं. गट फुटतात, एकत्र होतात, आणि भारतीय नावांत दोन माणसं एका गटात पडलेली दिसतात. तो गट तुम्हाला थेट सुधारता येत नाही. विकिडेटातली चूक मात्र लॉगिन करून तुम्ही स्वतः सुधारू शकता. म्हणून लहान ग्रंथालयाने विकिडेटाचा क्रमांक आधी घ्यावा, व्हीआयएएफचा क्रमांक मात्र गट उघडून आतली पुस्तकं पाहिल्यावरच.

विकिडेटाचा पत्ता घेताना ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला, मध्ये 'विकी' असलेला पत्ता घेऊ नका. तो पानाचा पत्ता आहे. माणसाची ओळख सांगणारा पत्ता 'एंटिटी' असलेला. पानावर डावीकडे किंवा साधनांच्या यादीत 'कन्सेप्ट यूआरआय' म्हणून मिळतो.

एक्सेलमधून आयडी चढवणार असाल तर चिकटवायच्या आधी रकाना टेक्स्ट करून घ्या. आयएसएनआय हा लेखकांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक १६ आकडी असतो आणि सुरुवातीला शून्यं असतात. एक्सेल ती गिळतो. व्हीआयएएफचे काही क्रमांक २२ आकडी आहेत. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच शुद्ध ठेवतो, पुढचे सगळे शून्य करतो. असा क्रमांक दिसायला ठीक वाटतो आणि कुठेच उघडत नाही. एकदा फाइल सेव्ह झाली की मूळ आकडे परत येत नाहीत, स्रोतावरून पुन्हा घ्यावे लागतात. आयएसएनआयचा शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि तो कधी एक्स असतो. ती टायपिंगची चूक समजून खोडू नका.

६. विकिडेटात हात घालताना

एका माणसाची दोन पानं असतील तर ती विलीन करा, कमी क्रमांकाचं टिकवा. जुना क्रमांक नव्याकडे वळतो, त्यामुळे तुमची जोडणी तुटत नाही. नावं सारखी पण माणसं वेगळी असतील तर दोन्ही पानांवर पी १८८९, म्हणजे 'याहून वेगळे', हे विधान घाला. हे केलं नाही तर कुणीतरी उत्साही संपादक दोन्ही शरद जोशी एकत्र करायला येतो. मराठी लेबल आणि 'इतर नावे' भरा. माणिक बंडोजी इंगळे हे तुकडोजी महाराजांचं मूळ नाव. अशा नावांनी शोधणाराही मग योग्य पानावर पोहोचतो.

गावच्या कवीचा एकच स्वखर्चाने छापलेला संग्रह असेल आणि त्याच्याबद्दल कुठे काही प्रसिद्ध झालेलं नसेल, तर त्याचं पान विकिडेटात टिकेल याची खात्री नाही. झाडीबोलीतल्या बऱ्याच लेखकांच्या बाबतीत हे होतं. त्यांच्यासाठी आपलीच ऑथॉरिटी नीट करा: ६७० मध्ये पुस्तकाचं शीर्षक, प्रकाशनाचं गाव, साल. हयात लेखकाची जन्मतारीख, फोन, पत्ता हे कुठल्याही सार्वजनिक पानावर टाकायचं नाही, त्यांनी पुस्तकावर छापलेलं असलं तरी.

कॉलेजातल्या प्राध्यापकांना ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक लागतो. तो त्यांनी स्वतःच काढायचा असतो. ग्रंथपालाने त्यांच्या नावाने काढून दिला की पासवर्ड हरवतो, मग दुसरा निघतो, आणि एका माणसाचे दोन ऑर्किड होतात.

७. इंडेक्स

इथपर्यंत सगळं बरोबर असून शोधात जुनंच दिसत असेल तर झेब्राचा, म्हणजे कोहाच्या शोधयंत्राचा, इंडेक्स बिघडला आहे. रीबिल्ड चालू असताना लाईट गेली की तो अर्धवट राहतो. यूपीएस किंवा इन्व्हर्टर चार्ज असेल तेव्हाच पूर्ण रीबिल्ड लावा, आणि त्याआधी कोहा-डम्पने बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर काढा. रीबिल्डमध्ये पुस्तकं आणि ऑथॉरिटी दोन्ही घ्या. नुसती पुस्तकं केली तर ऑथॉरिटीचा शोध जुनाच राहतो.

देवनागरी नाव पूर्ण टाकलं तर सापडतं पण एक शब्द टाकला तर नाही, असं होत असेल तर झेब्रा आयसीयूवर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांचे शब्द नीट ओळखणाऱ्या पद्धतीवर, लावलेला नाही. ती फाइल बदलायला सर्व्हरचा हक्क लागतो.

कुठे थांबायचं

सर्व्हरचा बॅकअप नसेल तर चौथ्या तपासणीतल्या विलीनीकरणाच्या आधीच थांबा. विलीन केलेली ऑथॉरिटी परत फोडायचं बटण नाही. जोडणीची स्क्रिप्ट सगळ्या कॅटलॉगवर चालवायची असेल, शेकडो नोंदी एकदम बदलायच्या असतील, आयसीयूची फाइल बदलायची असेल, तर कोहाचं काम रोज करणारा माणूस बोलवा आणि आधी टेस्ट पर्यायावर चालवून निकाल दाखवायला सांगा. ई-ग्रंथालय क्लाउडवर असेल तर सर्व्हर तुमच्या हातात नाहीच, सपोर्टला लिहा.

दोन लेखक एक की वेगळे हे पुस्तकांवरून ठरत नसेल तर तंत्रज्ञाला विचारून उपयोग नाही. प्रकाशकाला किंवा लेखकाच्या घरच्यांना फोन करा, तोपर्यंत नोंदी वेगळ्या ठेवा. आणि एखाद्या हयात लेखकाने आपली माहिती काढा म्हटलं तर वाद घालू नका. आपल्या नोंदीतून काढा, बाहेरच्या पानाचा प्रश्न विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे न्या.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी हे तयार ठेवा: कोहाची आवृत्ती, बिघडलेल्या तीन लेखकांचे ऑथॉरिटी क्रमांक, त्यांच्या प्रत्येकी एका पुस्तकाचा नोंद क्रमांक, चारही सेटिंगचे फोटो, आणि शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा ते. 'लेखक नीट दिसत नाही' एवढंच सांगितलं तर तो येऊन इंडेक्स रीबिल्ड करून पैसे घेऊन जाईल.